धंद्यासाठी सरकारी अनुदान : सभासदांनी आधी समजून घ्यावे असे काही



उसाची नोंद द्यायला गट ऑफिसात येणारे सभासद हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात. "पोरगा आयटीआय झालाय, दोन एकरांत दोघा भावांचं भागत नाही. सरकार धंद्याला पस्तीस टक्के देतं म्हणे, ते कुठं मिळतं?" प्रश्न रास्त आहे. पण उत्तर अर्धवट कळल्याने काहींची फसगत होते, म्हणून हा मजकूर देत आहोत.

लहान उद्योगांना एकाच ठिकाणी मदत मिळावी, कर्ज आणि परवान्यांसाठी दहा दारे झिजवावी लागू नयेत, या हेतूने १९७८ साली जिल्हा उद्योग केंद्रे सुरू झाली. केंद्राचे अधिकारी मेळावेही घेतात. पण मेळाव्यात हारतुरे होतात, भाषणं होतात, आणि आपला माणूस पत्रक खिशात घालून घरी येतो. खरं काम जिल्ह्याला केंद्रात जाऊन बसल्यावरच होतं.

पस्तीस टक्क्यांची गोष्ट निघाली ती राज्य शासनाच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमावरून. ही योजना २०१९ साली सुरू झाली. ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के, आणि महिला, मागासवर्गीय, माजी सैनिक वगैरेंना ३५ टक्के अनुदान, असे प्रमाण तेव्हा ठरले. मर्यादा आणि अटी मधून मधून बदलतात, म्हणून अर्जाआधी केंद्रात ताजे परिपत्रक पाहून घ्यावे.

आता हिशेब पाहू. समजा, ट्रॅक्टर-ट्रॉली बांधणीचा वर्कशॉप १० लाखांचा आहे. सर्वसाधारण गटातल्या मुलाने स्वतःचे १० टक्के, म्हणजे १ लाख, घालायचे. २५ टक्क्यांप्रमाणे अनुदान अडीच लाख. उरलेले साडेसहा लाख बँकेचे कर्ज, तेही व्याजासह फेडायचे. आणि ते अडीच लाख? ते हातात येत नाहीत! बँकेत ठेव म्हणून अडकून राहतात. तीन वर्षे धंदा चालू आहे अशी पाहणी झाली की मगच कर्जात वळते होतात. मधेच शेडला कुलूप लागलं तर अनुदान परत जातं आणि सगळं कर्ज आपल्या बोकांडी बसतं. तोवर हप्ता किती रकमेवर धरणार, हे बँकेत आधीच विचारून ठेवावे.

म्हणूनच "फाईल पास करून देतो" म्हणणाऱ्यापासून जपा. हा गडी सहा लाखांच्या मशिनरीचं दहा लाखांचं कोटेशन आणतो, वरचे पैसे दुकानदाराकडून रोख परत मिळतील असं सांगतो आणि आपला हिस्सा आधी काढून घेतो. असे करणे ही सरळ फसवणूक आहे. शिवाय हप्ता दहा लाखांच्या हिशेबाने बसतो आणि कमाई मात्र सहा लाखांच्या यंत्रांची. वर्कशॉप बुडायला दुसरं कारण लागत नाही.

केंद्र फक्त शिफारस करते, कर्ज द्यायचे की नाही हे बँक ठरवते. सोसायटीचे किंवा बँकेचे पीककर्ज थकले असेल तर ते तिथे दिसते. आमच्या मते पुष्कळ प्रकरणे इथेच अडतात, म्हणून जुनी बाकी आधी मिटवावी. बँकेने नकार दिला तर कारण लेखी मागावे. आणखी एक : लघुउद्योगाच्या किमान १० लाखांपर्यंतच्या कर्जाला व्यापारी बँकांनी तारण मागू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तेव्हा वर सांगितलेल्या वर्कशॉपसाठी सातबाऱ्यावर बोजा चढवायला मुकाट्याने होकार देऊ नका. रान बापजाद्यांचं आहे.

अर्ज ऑनलाइन असतो. आधार, शिक्षणाचा दाखला, जागेचा उतारा किंवा भाडेकरार, कोटेशन आणि प्रकल्प अहवाल लागतो. धंदा नवाच हवा, चालू दुकानाला नवी पाटी लावून चालत नाही. अहवाल विकत आणण्यापेक्षा मुलाने स्वतः मांडावा : महिन्याला ट्रॉल्या किती, लोखंड किती, वीजबिल किती. बँकेचा साहेब हेच विचारतो, आणि उत्तर एजंटाला नाही, मुलाला द्यावे लागते. मुलाने उद्योजकतेचे प्रशिक्षण घेणेही सक्तीचे आहे. उद्यम नोंदणीला (ती २०२० पासून आहे) सरकारी फी नाही, कुणी पैसे मागितले तर देऊ नयेत.

ट्रॉलीचं काम खरं मिळतं ते गळीत हंगामाच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत. बँकेचे प्रकरण मार्गी लागायलाही महिने जातात. तेव्हा येत्या हंगामाचं काम धरायचं असेल तर कारखान्याचा पट्टा पडायच्या सुमारासच केंद्रात जाऊन यावे.