शिंदळ माकुडी : कड्यावरील दुर्मिळ वनस्पती

गोराईसारख्या गावास खाडीचा व समुद्राचा वेढा असतो, तसाच सह्याद्रीतील एकाकी कड्यांना सपाट रानाचा वेढा असतो. बेटावरील वनस्पतीस पाणी ओलांडणे कठीण, तसेच कड्यावरील वनस्पतीस रान ओलांडणे कठीण. शिंदळ माकुडी ही अशीच वनस्पती होय. ती महाराष्ट्राबाहेर नैसर्गिक स्थितीत आढळत नाही. शिवनेरी, वज्रगड, सज्जनगड अशा मोजक्याच ठिकाणी ती दिसते. डाल्झेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६५ च्या सुमारास तिचे वर्णन केले व मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर फ्रिअर यांच्या नावावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव दिले.

ओळख : ही रुईच्या कुळातील मांसल वनस्पती आहे. खडकाच्या फटीत मूळ धरून तिच्या फांद्या खाली लोंबतात. पावसाळ्यात तिला पाने असतात. कोरड्या दिवसांत ती गळतात व जाड खोडातील ओलाव्यावर ती तग धरते. फूल चांदणीच्या आकाराचे, गर्द तांबूस रंगाचे असून त्यावर पिवळे ठिपके असतात. परागवहनाचे काम माश्या करतात. रुईच्या म्हातारीप्रमाणे तिचे बीही रेशमी केसांच्या साहाय्याने वाऱ्यावर उडते. परंतु योग्य फट सापडली तरच ते रुजते.

ऱ्हासाची कारणे : चराई, वणवे, दरडी कोसळणे व शोभेसाठी रोपे उपटून नेणे ही मुख्य कारणे होत. फांदीच्या तुकड्यापासून हिचे रोप सहज तयार होते व ती अनेक उद्यानांत वाढविली जाते. तेव्हा रानातील झाडांची काळजी कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु एकाच झाडाच्या तुकड्यांपासून झालेली सर्व रोपे गुणांनी एकसारखी असतात. एकावर जो रोग पडेल, तो सर्वांवर पडू शकतो. निरनिराळ्या गुणांची झाडे बियांपासूनच निपजतात आणि ती कड्यावरच टिकून आहेत.

उपाय : ग्रामसेवकांनी व शेतकरी बंधूंनी पुढील गोष्टी कराव्यात.

(१) अशा कड्यांच्या माथ्यावर शेळ्या सोडू नयेत.

(२) गवत पेटवू नये. वणवा दिसताच वनरक्षकास कळवावे.

(३) रोप वा फांदी तोडू नये, विकू नये. लागवड करावयाची झाल्यास वनखात्याची परवानगी घ्यावी.

(४) झाड आढळल्यास जागा बाहेरच्यांस न सांगता वनखात्यास कळवावी.

या कड्यांवरून ही वनस्पती गेली, तर ती आणावयास दुसरे रान नाही.