भूक नाही, आई!

"आजी, माझी पिल्लं सांभाळशील ना?" नातवानं विचारलं आणि मी हो म्हणून बसले. मला वाटलं मांजराची असतील. निघाले कोळी! तेही केसाळ, टॅरंटुला म्हणतात ते.

गेल्या वर्षी मी जळगावहून लेकीकडे इंग्लंडला, लेस्टरला गेले होते. मध्य अमेरिकेतले हे कोळी तिकडे हौसेनं पाळतात. नातू आठ दिवस शाळेच्या सहलीला गेला, लेक-जावई नोकरीवर. घरात मी आणि तीन डब्यांत मसुरीएवढी तीन पिल्लं.

खायला आठवड्यातून दोनदा. बारीक रातकिडे, नाहीतर उडता न येणारी चिलटं. आपल्याकडे पिकल्या केळ्यांवर घोंगावतात ना, त्यांच्यातलीच. किडा पिल्लाच्या पोटापेक्षा मोठा नको. अगदी लहान पिल्लाला मेलेल्या किड्याचा तुकडाही चालतो. कोळी चावून गिळत नाही. पाचक रस सोडून पातळ झालेलं शोषून घेतो. मातीचा एक कोपरा ओलसर ठेवायचा आणि उरलेला किडा दुसऱ्या दिवशी चिमट्यानं काढायचा.

दोघं खायची. तिसरं तोंड लावेना. पोट काळसर, तुकतुकीत झालेलं. माझा जीव खालीवर! धुळ्याला माहेरी आई म्हणायची, "खाल्लं नाही तर पोर वाळेल." मीही लेकीला तापात बळेबळे भात भरवलेला. रात्री हळूच एक जिवंत रातकिडा त्या डब्यात सोडला.

सकाळी बघते तर पिल्लू उताणं, पाय वर. गेलंच! लेक नुकतीच रात्रपाळीहून आली होती. तिनं आधी रातकिडा बाहेर काढला.

"आई, मेलं नाही, कात टाकतंय. म्हणूनच खात नव्हतं. आता अंग इतकं मऊ असतं की रातकिडाच त्याला कुरतडून मारेल."

दुपारी जुनी कात बाजूला पडलेली आणि पिल्लू आधीपेक्षा मोठं! दात अजून पांढरे, कोवळे. ते काळे, टणक होईपर्यंत आठवडाभर काही द्यायचं नाही.

लेक हळूच म्हणाली, "मीपण सांगायचे ना, भूक नाही, आई. तू भरवायचीस आणि मी मोरीत जाऊन ओकायचे."

इतक्या वर्षांनी कळलं. मला काही बोलताच आलं नाही.

जळगावला आल्यावर ही गोष्ट सांगितली, तर गल्लीतली पोरं कोळी धरायला निघाली! त्यांना थांबवलं. आंध्रातला सुंदर निळा टॅरंटुला आज नामशेष व्हायच्या काठावर आहे. त्याचं जंगल तुटतंय, वर पाळणाऱ्यांची हौस. म्हणून 2019 पासून त्याच्या परदेशी व्यापारावर निर्बंध आले. जंगलातला जीव जंगलातच बरा.

परवा धाकट्या नातीनं ताट सरकवलं. अंगात ताप नव्हता, पाणी पीत होती, खेळत होती. मी ताट झाकून ठेवलं. तासाभरानं स्वतःच आली, "आजी, भूक लागली."

मैत्रिणींनो, भरवणं आपल्याला येतंच. थांबणं मात्र मी साठीनंतर शिकले, तेही एका कोळ्याकडून!