माल लादलेली जुनी मोटारसायकल का डुलते?

आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंपैकी अनेकांचा धंदा आजही मोटारसायकलवर चालतो आणि ती मोटारसायकल बहुधा जुनी असते. टेम्पोचे भाडे दर खेपेला परवडत नाही, नव्या गाडीचे हप्ते अंगावर घेण्याची हिंमत होत नाही, म्हणून पंधरा-वीस वर्षांच्या गाडीवरच चादरी-टॉवेलचे गठ्ठे बांधून आपण गावोगावचे बाजार करतो. इंजिनाने आवाज बदलला की आपण तडक मिस्त्रीकडे जातो. परंतु गाडी डुलू लागली, हँडल हलू लागले, वळणावर मागची बाजू सरकते आहे असे वाटू लागले, तर 'रस्ताच खराब आहे' असे म्हणून महिनोन्‌महिने तशीच हाकतो. आणि मिस्त्रीकडे गेलोच तर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते: शॉकअप गेले, नवे टाका.

आम्हीही तेच केले होते. आमच्याकडे 1997 सालची स्प्लेंडर आहे. सोलापूरहून तुळजापूरच्या बाजूला माल पोचवण्याचे काम तिने इमानेइतबारे केले. 2019 साली ती माल लादल्यावर वळणात डुलू लागली. एका गॅरेजवाल्याने मागचे दोन्ही शॉकअप बदलले, पैसे घेतले आणि गाडी 'नव्यासारखी' झाल्याचे सांगितले. आठ दिवसांनी आमचा पुतण्या दोन गठ्ठे घेऊन निघाला. उतारावरच्या वळणात गाडीची मागची बाजू एकदा बाहेर गेली, एकदा आत आली आणि तो मालासह बाजूच्या मुरमात आडवा झाला. मागून ट्रक येत नव्हता, म्हणून गुडघा आणि कोपर सोलण्यावर निभावले. चादरी धुऊन विकाव्या लागल्या, ते नुकसान आम्ही मोजलेही नाही.

त्यानंतर आम्ही गाडी एका वयस्क मिस्त्रीकडे नेली. त्यांना सारे चाचा म्हणतात. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. गाडी डबल स्टँडवर लावली, मागचे चाक दोन्ही हातांनी धरले आणि डावी-उजवीकडे हलवले. कट्‌ कट्‌ असा आवाज आला. "सेठ, शॉकअप नवे आहेत, पण ते ज्या चिमट्यावर बसवलेत तो चिमटाच हलतोय." चिमट्याचे बुश झिजून गेले होते. नव्या बुशांचा खर्च शॉकअपच्या पाचव्या हिश्श्याइतकाही झाला नाही. मर्ज एकीकडे आणि इलाज दुसरीकडे, असा तो मामला होता.

त्या दिवशी चाचांकडून जे शिकलो आणि पुढे स्वतःच्या हातांनी करून पाहिले, ते येथे देत आहोत.

पहिली गोष्ट, शॉकअपचे काम नेमके काय हे समजून घ्यावे. त्यात स्प्रिंग असते आणि तेल असते. वजन पेलते ती स्प्रिंग. स्प्रिंगची उडी आवरते ते तेल. तेल गळून गेले तर गाडी खड्ड्यानंतर दोन-तीनदा वरखाली नाचते. तपासणी सोपी आहे. सीटचा मागचा भाग जोराने खाली दाबून सोडावा. गाडी वर येऊन थांबली तर शॉकअप ठीक आहे, नाचत राहिली तर ते गेले. आता पाहा, हे नाचणे वरखाली असते. आडवे डुलणे, शेपटी हलवणे हा एकट्या शॉकअपचा दोष फार क्वचित असतो. जुन्या गाडीत डुलण्याचे कारण बहुधा कुठल्या तरी सांध्यातली ढिलाई हे असते. हा एक फरक ध्यानात राहिला तरी पुष्कळ पैसे वाचतील.

सांध्यांना हात घालण्यापूर्वी हवा बघावी. आम्हाला सांगायला संकोच वाटतो, पण आमच्या ओळखीच्या दोन गाड्यांचे डुलणे निव्वळ हवा भरल्याने गेले. शंभर सीसीच्या गाडीला पुढे 25 च्या आसपास आणि एकट्यासाठी मागे 28 च्या आसपास हवा लागते. मागे माणूस किंवा माल असेल तर मागच्या चाकात बरीच जास्त. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. (आमचे शिक्षण उर्दूत झालेले, पुस्तक इंग्रजीत, म्हणून ते बावीस वर्षे कपाटात पडून होते. शेवटी पुतण्याने वाचून दाखवले.) टायर मधोमध झिजून सपाट झाला असेल तर वळणात गाडी एकदम पडल्यासारखी वाटते, त्याला कोणत्याही मिस्त्रीकडे इलाज नाही. तारांच्या चाकाचे स्पोक पान्याने हलकेच वाजवून पाहावेत. घट्ट तार टणटणीत बोलते, सैल तार बद्द बोलते.

मग चाक हलवून पाहावे. येथे नीट नजर ठेवावी लागते, कारण चाकाचे बेअरिंग खराब असले तरी चाक हलते आणि चिमट्याचे बुश खराब असले तरी हलते. चाक हलताना चिमटा स्थिर राहिला तर दोष बेअरिंगचा. चाकासोबत चिमटाही हलला तर दोष बुशचा. शंका राहिलीच तर शॉकअपचे खालचे बोल्ट काढून फक्त चिमटा धरून हलवावा, मग काही लपत नाही. वेग घेतल्यावर, विशेषतः लांब वळणात, मागची बाजू सावकाश इकडेतिकडे जात असेल तर आधी संशय येथेच घ्यावा.

याउलट कमी वेगात हँडल थरथरत असेल, किंवा गाडी सरळ रेषेत राहतच नसेल आणि सारखी सावरावी लागत असेल, तर पुढचा कोनसेट बघावा. ब्रेक सोडून हँडलची पकड ढिली करून पाहण्याचा खेळ मात्र रस्त्यावर कोणी करू नये. गाडी डबल स्टँडवर असताना मदतनिसाने मागची बाजू दाबली की पुढचे चाक उचलले जाते. तेव्हा फोर्कचे खालचे टोक धरून पुढेमागे ओढावे. मानेजवळ ठक्‌ असे जाणवले तर कोनसेट ढिला आहे. नंतर हँडल एका बोटाने सावकाश फिरवावे. बरोबर मध्यभागी ते अडकल्यासारखे होत असेल तर आतल्या गोळ्यांनी वाट्यांना खड्डे पाडलेले आहेत. असा कोनसेट कसून काही उपयोग होत नाही, तो बदलावाच लागतो. काही कारागीर तो फार आवळून देतात. गाडी ठोकत नाही म्हणून गिऱ्हाईक खूश होते, पण जाम हँडलची गाडीही तितकीच डुलते. नवा कोनसेट बसल्यावर तीन-चारशे किलोमीटरनंतर तो पुन्हा पाहून घ्यावा, कारण गोळ्या आपली जागा करतात आणि थोडी ढिलाई येतेच.

पुढच्या फोर्कच्या नळीवर तेलाचे काळे कडे दिसले तर सील गेले समजावे. ते तेल खाली ब्रेकपर्यंत गेले तर ऐन वेळी ब्रेक लागत नाही, म्हणून हे काम उधारीवर ठेवू नये. सील बदलताना दोन्ही नळ्यांतील तेल बदलावे आणि पुस्तकात दिले आहे तितकेच, मापाने, दोन्हीकडे सारखे भरावे. अंदाजाने ओतलेले तेल म्हणजे गज न लावता फाडलेला कपडा. गाडी एकदा पडलेली असेल आणि हँडल तिरके वाटत असेल, तर नळी काढून सपाट काचेवर लोळवली की वाकली आहे की नाही ते तिथेच कळते.

एक तपासणी अशी, की ती आपण कापडवाल्यांनी सर्वांहून चांगली करावी. चेन ताणताना चिमट्यावरच्या खुणा जुळवतात, पण जुन्या गाडीत त्या खुणांवर विसंबता येत नाही. लांब, मजबूत सूत घ्यावे. गाडी सरळ उभी करून ते मागच्या टायरच्या मागच्या आणि पुढच्या कडेला टेकवून पुढच्या चाकापर्यंत ताणावे, दोन्ही बाजूंनी. दोन्ही टायर सारख्या रुंदीचे असतील तर सूत पुढच्या टायरलाही अलगद टेकते. पुढचा टायर बारीक असेल तर दोन्हीकडे सारखी फट राहते. फट कमीजास्त दिसली तर मागचे चाक तिरके बसले आहे. अर्ध्या तासाचे काम आहे आणि खर्च सुताचा.

राहता राहिला माल. गठ्ठा मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे लोंबत असेल तर पुढचे चाक हलके होते आणि निर्दोष गाडीचे हँडलही थरथरते. गठ्ठा शक्य तितका पुढे, सीटवर आणि खाली बांधावा, दोन्ही बाजूंचे वजन सारखे ठेवावे. माल चढवण्यापूर्वी शॉकअपची कडी फिरवून स्प्रिंग घट्ट करावी, दोन्हीकडे त्याच पायरीवर. एका बाजूला दुसरी आणि दुसऱ्या बाजूला चौथी पायरी, अशा गाड्या आम्ही बाजारात अनेक पाहिल्या.

सुट्या भागांची चिंता नको. 2011 साली कंपनीचे नाव हिरो मोटोकॉर्प झाले, तरी जुन्या स्प्लेंडरचे बुश आणि कोनसेट अजून मिळतात. बुश रबराचे असतील तर बसवणाऱ्याला एवढे जरूर सांगावे, की चिमट्याचा मोठा बोल्ट अखेरचा कसताना गाडी स्टँडवरून उतरवून दोन्ही चाकांवर उभी करावी. चिमटा खाली लोंबत असताना बोल्ट कसला, की गाडी जमिनीवर येताच रबराला पीळ बसतो आणि नवे बुश वर्षभरात फाटतात. आमचे पहिले बुश असेच गेले.