विमानात बसवले, पुढे काय?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एरंडोल तालुक्यातल्या एका गावातला मुलगा शिष्यवृत्तीवर इंग्लंडला एम.एस्सी. करायला निघाला होता. बाप सालदार, आई निंदणी-खुरपणीला जाणारी. विहारात वंदना झाली, शाल-पुष्पगुच्छ झाले, एस.टी. स्टँडवर अभिनंदनाचा मोठा फलक लागला. सात जणांची भाषणे झाली. प्रत्येकाने त्या मुलाची तुलना थेट बाबासाहेबांशी केली. प्रस्तुत लेखकही त्या सातांपैकी एक होता.

सहा महिन्यांनी त्याच्या आईचा फोन आला. "दादा, हप्ता आला नाही म्हणे. कॉलेजवाले नाव काढून टाकू म्हणता. पोऱ्याले परत धाडी देतीन का?"

सात वक्त्यांपैकी एकालाही या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. फी थकली तर नाव का कमी होते, नाव कमी झाले तर व्हिसाचे काय होते, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हते. आम्ही त्याला विमानात बसवून मोकळे झालो होतो. परदेशी शिक्षणातली खरी परीक्षा विमान उतरल्यावर सुरू होते, याची जाणीव त्या माऊलीच्या एका प्रश्नाने करून दिली.

आपल्या समाजात एक मोठा गैरसमज आहे. पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का बसला म्हणजे पुढची दोन-तीन वर्षे चिंता नाही, असे आपण धरून चालतो. वस्तुस्थिती तशी नाही. व्हिसा ही दारातून आत जाण्याची परवानगी आहे. आत राहण्याचा हक्क विद्यार्थी म्हणून जो कायदेशीर दर्जा मिळतो त्यावर अवलंबून असतो आणि तो दर्जा रोज सांभाळावा लागतो. अमेरिकेत तर हा फरक फार स्पष्ट आहे. शिक्का पाच वर्षांचा असला तरी विद्यार्थ्याने अभ्यासक्रम सोडला, तर दर्जा त्याच दिवशी संपू शकतो. उलट दर्जा शाबूत असेल तर शिक्क्याची मुदत संपल्यानंतरही तिथे राहून शिक्षण पुरे करता येते. फक्त देशाबाहेर पडल्यास परतताना नवा शिक्का लागतो.

हा दर्जा जातो कसा? गुन्हा केल्यानेच जातो असे नाही. अमेरिकेत पूर्णवेळ अभ्यासक्रम घ्यावा लागतो. पदवीच्या विद्यार्थ्याला सत्राला किमान १२ क्रेडिट. तब्येत बिघडली, एखादा विषय झेपेना, म्हणून विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या अधिकाऱ्याला न विचारता विषय सोडला की दर्जा धोक्यात येतो. आधी विचारले तर तोच अधिकारी नियमात बसवून सवलत देऊ शकतो. घर बदलले तर १० दिवसांत पत्ता कळवावा लागतो. सत्र चालू असताना विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला २० तासच काम करता येते. आवाराबाहेर परवानगीशिवाय एक दिवस जरी काम केले तरी तो भंग ठरतो.

इंग्लंडमध्येही पदवी अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला सत्रात आठवड्याला २० तासांची मर्यादा आहे. या आठवड्यात ३० आणि पुढच्या आठवड्यात १०, अशी सरासरी तिथे चालत नाही. स्वतंत्र धंदा करण्यास तर पूर्ण मनाई आहे. सायकलवरून घरोघर जेवण पोहोचवण्याचे काम बहुधा स्वतंत्र धंद्यातच मोडते. दुसऱ्याचे खाते भाड्याने घेऊन हे काम करणारी मुले आपल्या डोक्यावर केवढी तलवार टांगून घेत आहेत, हे त्यांना कुणी सांगत नाही. कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून ही मर्यादा आठवड्याला २४ तास आहे, ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तास. देश बदलला की नियम बदलतो. 'आमचा मावसभाऊ तिकडे असेच करतो' हा पुरावा कोणतेही सरकार मानत नाही.

दर्जा केवळ विद्यार्थ्याच्या चुकीने जातो असेही नाही. २०११ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातील ट्राय-व्हॅली युनिव्हर्सिटीवर धाड पडली. तिथे शिकणारे, किंवा कागदावर शिकणारे, बहुसंख्य विद्यार्थी भारतीय होते आणि त्यांतले पुष्कळ आंध्रचे. त्यांपैकी काहींच्या पायात हालचाल टिपणारे यंत्र अडकवण्यात आले. २०१९ च्या जानेवारीत मिशिगनमध्ये 'युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन' प्रकरण घडले. हे विद्यापीठ म्हणजे अमेरिकन सरकारनेच रचलेला सापळा होता. ना वर्ग, ना शिक्षक. पहिल्या कारवाईत १३० विद्यार्थी पकडले, त्यांत १२९ भारतीय. 'हजेरी लागत नाही, काम मात्र करता येते' असे सांगणारा दलाल भेटला तर ही दोन नावे आठवावीत. २०१२ च्या ऑगस्टमध्ये तर लंडन मेट्रोपोलिटन युनिव्हर्सिटी या खऱ्याखुऱ्या विद्यापीठाचा परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवाना रद्द झाला आणि दोन हजारांहून अधिक विद्यार्थी रातोरात अधांतरी लोंबकळले. पुढे न्यायालयाने तिथे शिकत असलेल्यांना दिलासा दिला. २०२५ च्या वसंतात अमेरिकेने हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदी अचानक बंद केल्या. विद्यार्थी न्यायालयात गेले आणि एप्रिलअखेर सरकारला त्या नोंदी पूर्ववत करण्याचे जाहीर करावे लागले. ज्यांच्यापाशी कागद होते, ते लढू शकले.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. श्रीमंताच्या मुलाला फीची तारीख चुकण्याची भीती नसते. बाप दुसऱ्या दिवशी पैसे पाठवतो. सालदाराच्या मुलाचे सगळे शिष्यवृत्तीच्या हप्त्यावर अवलंबून असते. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती १९५४-५५ पासून चालत आली आहे. महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी सुरू झाली. या योजनांनी कितीतरी घरांतला पहिला मुलगा, पहिली मुलगी परदेशी विद्यापीठात पोहोचवली, हे नाकारता येणार नाही. पण हप्ता वेळेवर पोहोचतो का? २०२५ मध्ये केंद्राच्या योजनेत निवडलेल्या १०६ जणांपैकी सुरुवातीला केवळ ४० जणांना पत्रे मिळाली. बाकीच्यांना निधी असेल तर, असे सांगण्यात आले. सप्टेंबरला वर्ग सुरू होणाऱ्या मुलाला जुलैत असे उत्तर मिळाले तर त्याने काय करावे?

इथे एक गोष्ट सरकारी यंत्रणेने समजून घेतली पाहिजे. इथल्या टेबलावर फाईल दोन महिने पडून राहिली तर इथे केवळ उशीर होतो. तिथे मात्र फी थकते, फी थकली की विद्यापीठ नोंदणी अडवते किंवा नाव कमी करते, नाव कमी झाले की ते सरकारला कळवणे विद्यापीठावर बंधनकारक असते आणि मग देश सोडण्याची नोटीस येते. इंग्लंडमध्ये अशा वेळी साधारण ६० दिवसांची मुदत मिळते. म्हणजे फाईल अडवणारा माणूस केवळ पैसे अडवत नाही, तो एका विद्यार्थ्याला बेकायदेशीर ठरवण्याच्या वाटेवर ढकलतो. म्हणून हप्त्याच्या तारखा आपल्या आर्थिक वर्षाप्रमाणे न ठरवता त्या त्या विद्यापीठाच्या फीच्या तारखांप्रमाणे ठरवल्या पाहिजेत, आणि उशीर होणार असेल तर विद्यापीठाच्या नावे तसे हमीपत्र आधीच गेले पाहिजे. ही मागणी चळवळीने लावून धरावी. यात मेहेरबानी कसली?

शिष्यवृत्ती संपली आणि शिक्षण अर्धवट राहिले, हा प्रसंग बाबासाहेबांवरही आला होता. १९१३ च्या जुलैत ते न्यूयॉर्कला पोहोचले तेव्हा विद्यार्थी व्हिसा नावाची आजच्यासारखी व्यवस्था नव्हती; अमेरिकेच्या कायद्यात विद्यार्थ्याचा स्वतंत्र वर्ग आला तो १९२४ मध्ये. पण मुदत होती, करार होता. बडोदा संस्थानाची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती होती आणि तिच्या बदल्यात दहा वर्षे नोकरीचे बंधन होते. १९१६ मध्ये ते लंडनला आले, ग्रेज इन आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले. १९१७ मध्ये शिष्यवृत्ती संपली आणि बडोद्याने परत बोलावले. प्रबंध अपुरा होता.

त्यांनी काय केले? ते निराश होऊन निघून गेले नाहीत आणि कुणाला न सांगता लंडनमध्ये राहिलेही नाहीत. प्राध्यापक एडविन कॅनन यांच्यामार्फत त्यांनी विद्यापीठाची रीतसर परवानगी मिळवली, की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करता येईल. मग मुंबईला आले. सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांची मदत झाली, मित्र नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले आणि १९२० मध्ये, मुदत संपण्याच्या सुमारे एक वर्ष आधी, लंडनला परतले. १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. त्यांची विद्वत्ता आपण रोज सांगतो. निघण्यापूर्वी परवानगी पदरात पाडून घेण्याची ही शिस्त मात्र सांगत नाही. आजच्या मुलांना नेमकी तीच हवी आहे.

आजही हाच मार्ग आहे. पैसे संपले, घरी कुणी आजारी पडले, मन खचले, तर वर्गाला जाणे बंद करून खोलीत बसू नये. आधी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात जावे, सुट्टी किंवा मुदत लेखी मागावी, उत्तर लेखी घ्यावे. अमेरिकेत एक शैक्षणिक वर्ष पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याची आर्थिक मदत अकल्पितपणे बंद पडली तर आवाराबाहेर कामाची खास परवानगी मागता येते. दर्जा गेलाच आणि कारण हाताबाहेरचे असेल तर पाच महिन्यांच्या आत तो परत मिळवण्यासाठी अर्ज करता येतो. पण मुकाट बसणाऱ्याला यातले काहीच मिळत नाही. आपल्या मुलांना मुकाट बसण्याची सवय आहे. कार्यालयात गेले की अपमान होतो, हा पिढ्यांचा अनुभव त्यांनी सोबत नेलेला असतो. तिथल्या त्या कार्यालयात प्रश्न विचारणे हा विद्यार्थ्याचा हक्क आहे, हे त्यांना निघण्यापूर्वीच सांगितले पाहिजे.

दरवर्षी ३१ जुलैला धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर खान्देशातून हजारो बांधव जमतात. १९३७ मध्ये न्यायालयीन कामासाठी धुळ्यात आलेल्या बाबासाहेबांच्या मुक्कामाची ती आठवण. सप्टेंबरला परदेशी निघणाऱ्या मुलांसाठी ही वेळ अगदी नेमकी आहे. तिथे पुस्तकांच्या दुकानांशेजारी एक टेबल मांडावे. परदेशात शिकून आलेले आपले दोन जण आणि एक वकील तिथे बसावेत. निघणाऱ्या प्रत्येकाच्या कागदांच्या प्रती घरी कुणापाशी आहेत ते पाहावे, अडचणीत फोन कुणाला करायचा ते ठरवून द्यावे. खर्च एका फलकापेक्षा कमी येईल.

त्या मुलाचे काय झाले? तो स्वतःच शहाणा निघाला. शिष्यवृत्तीचे मंजुरीपत्र घेऊन विद्यापीठाच्या कार्यालयात गेला, हप्ता उशिरा येत असल्याचे सांगितले आणि फीसाठी लेखी मुदत मागून घेतली. हप्ता आला, नाव राहिले, पदवी मिळाली. परत आल्यावर पुन्हा सत्कार ठरला. यावेळी त्याने शाल घेतली आणि म्हणाला, "भाषणे नकोत. पुढच्या वर्षी जाणाऱ्या पोरांना बोलवा, मला त्यांच्याशी दोन तास बसू द्या."

त्या दिवशी आम्ही सातही वक्ते खाली सतरंजीवर बसून ऐकत होतो.