स्वस्त प्रिंटर, महाग शाई
घरगुती इंकजेट प्रिंटरची किंमत उत्पादक कमी ठेवतात आणि नफा पुढे कार्ट्रिजमधून, म्हणजे शाईच्या बदलाव्या लागणाऱ्या डबीतून, वसूल करतात. त्यामुळे कार्ट्रिजच्या किमतीला तिच्या ‘पेज यील्ड’ने, म्हणजे तिच्यातून निघणाऱ्या पानांच्या अंदाजित संख्येने, भागून पाहणे अगत्याचे आहे. ६०० रुपयांच्या कार्ट्रिजमधून १५० पाने निघत असतील, तर एका पानाची शाईच ४ रुपयांना पडते. शिवाय प्रिंटर पडून राहिला की शाई फवारणाऱ्या त्याच्या सूक्ष्म छिद्रांत ती वाळते आणि छिद्रे मोकळी करणाऱ्या सफाईतही पुन्हा शाईच खर्ची पडते. बाटलीने शाई भरण्याचे टँक प्रिंटर महाग असले, तरी रोजच्या छपाईला तेच परवडतात. महिन्याकाठी चार-दोन पाने लागणाऱ्यांनी मात्र सरळ झेरॉक्सचे दुकान गाठावे.