एफएसआयचा हिशेब आणि मेंटेनन्सची पावती

मुंबईत दहिसरला रावळपाड्यात किंवा कांदरपाड्यात फिरलात, तर तीन-चार मजली जुन्या सोसायट्या पुनर्विकासासाठी एकेक करून पत्र्याच्या कुंपणाआड जाताना दिसतील. बिल्डर सभासदाला मोठे घर देतो, वर बांधकाम चालू असेपर्यंतचे भाडे आणि कॉर्पस, म्हणजे एकरकमी निधीही देतो. हा पैसा येतो कुठून?

तो येतो एफएसआयमधून, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येईल त्या प्रमाणातून. उदाहरणादाखल १,००० चौरस मीटरचा भूखंड घेऊ. त्यावर ४०० चौरस फूट कार्पेटची २४ घरे आहेत आणि समोर ९ मीटरचा रस्ता. उपनगरात मूळ एफएसआय १. २०१८ साली लागू झालेल्या विकास नियमावलीनुसार अशा रस्त्यावर प्रीमियम भरून ०.५ आणि टीडीआर, म्हणजे दुसऱ्या भूखंडाचा हस्तांतरित बांधकाम हक्क, विकत घेऊन आणखी ०.५ मिळतो. रस्ता रुंद तसा टीडीआर जास्त. गल्लीतल्या सोसायट्या रखडतात त्या इथेच. झाले २,००० चौरस मीटर. त्यावर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे एफएसआयवर मिळणारे जादा क्षेत्र, धरले की २,७००. जुनी घरे ५४० चौरस फुटांची करूनही जवळपास निम्मे बांधकाम विक्रीला उरते. प्रीमियम, बांधकाम, भाडे, कॉर्पस आणि बिल्डरचा नफा, सगळे त्यातूनच निघते. सभासदाच्या फुकट घराचे पैसे नवा खरेदीदार भरतो.

पण हा सगळा खर्च एकदाच होणारा. दर महिन्याचा खर्च सभासदाच्याच माथी येतो. लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा, यांत्रिक पार्किंग, सुरक्षारक्षक: जुन्या इमारतीत यातले बरेचसे नव्हतेच. शिवाय ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. ५४० फुटांचे घर त्या माफीतून बाहेर पडते. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या जोडप्याला हा फरक जाणवतोच.

गल्लीचाही हिशेब आहे. २४ कुटुंबांची ४८ झाली, घरात पाच माणसे आणि माणशी १३५ लिटर पाणी धरले, तर रोजची गरज १६,२०० वरून ३२,४०० लिटरवर जाते. जवळपास तेवढेच सांडपाणी त्याच गल्लीच्या वाहिनीत उतरते.

दाटी वाईट असे मी म्हणत नाही. दहिसरला स्टेशन आहे, मेट्रो आहे. इथे वाढलेल्या घराला विरारपलीकडच्या माळरानासारखा नवा रस्ता आणि नवी जलवाहिनी लागत नाही. मात्र प्रीमियमचा पैसा सरकारी तिजोरीत जातो, तो याच गल्लीच्या गटारासाठी परत येईल असे कोणतेही बंधन नाही. हे मला चुकीचे वाटते.

तुमच्या सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा लागली असेल, तर कार्पेट आणि कॉर्पसच्या आकड्यांबरोबर पुढच्या दहा वर्षांच्या मेंटेनन्सचा अंदाजही लेखी मागा, आणि मगच हात वर करा.