४०००३१ : वडाळ्याच्या पिनकोडची कुळकथा

१५ ऑगस्ट १९७२ रोजी देशात पिनकोड सुरू झाला. त्याआधी मुंबईच्या पत्त्यात विभागाचा नुसता आकडा असे. गिरगाव मुंबई ४, दादर मुंबई १४, वडाळा मुंबई ३१. मौज प्रकाशनाच्या जुन्या पुस्तकांवर ‘मुंबई ४’ आजही वाचायला मिळते. मूळचे राजापूरचे श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेल्या सहा अंकी पद्धतीत वडाळा ४०००३१ झाला. हेतू एवढाच, की पत्रे नीट वाटली जावीत. पण वडाळ्याच्या वाट्याला आलेली संख्या विलक्षण निघाली.

४०००३१ ही मूळ संख्या आहे. तिचे वर्गमूळ ६३२ च्या थोडे वर, म्हणून २ पासून ६३१ पर्यंतच्या ११५ मूळ संख्यांनी भागून पाहिले की पुरते. एकीनेही भाग जात नाही. काळाचौकीची ४०००३३ हीसुद्धा मूळ, म्हणजे दोघी जोडमूळ. अशा जोड्या अनंत आहेत का, हे अजून कुणाला सिद्ध करता आलेले नाही. २०१३ मध्ये यितांग झांग यांनी दाखवले की ७ कोटींहून कमी अंतर असलेल्या मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत. वडाळ्याला लागून असलेल्या अँटॉप हिलची ४०००३७ मात्र ११ × ४१ × ८८७ अशी फुटते.

वर्गीकरणाची दुसरी रीत आपल्याच मातीतली. डहाणूत १९०५ साली जन्मलेले दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर होते. अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणारी संख्या त्यांनी ‘हर्षद’ ठरवली. दादरची ४०००१४ तशी आहे: अंकांची बेरीज ९, भागाकार ४४,४४६. वडाळ्याच्या अंकांची बेरीज ८. संख्या मूळ असल्याने ती हर्षद होऊच शकत नाही.

कापरेकरांचा आणखी एक विचार होता, संख्येत तिचेच अंक मिळवत जाण्याचा. ग्रँट रोडच्या ४००००७ मध्ये ११ मिळवा, वरळीची ४०००१८ येते. तीत १३ मिळवा, वडाळा. गिरगावच्या ४००००४ पासून निघालात तर परळ (४०००१२), माटुंगा (४०००१९) आणि काळाचौकी (४०००३३) ओळीने लागतात. अशी कुठल्याच संख्येतून न निघणारी ती स्वयंभू. कुलाब्याची ४००००५ स्वयंभू आहे, आणि तीत ९ मिळवले की दादर येते.

मूळ असणे हा संख्येचा अंगचा गुण; ती कुठल्याही पायात लिहा, बदलत नाही. हर्षद आणि स्वयंभू असणे दशमान लेखनावर अवलंबून आहे. म्हणूनच पुष्कळ गणितज्ञांनी कापरेकरांच्या कामाला खेळ मानले. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्यावर लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे गेले. १९८६ साली कापरेकर गेले.

पन्नास वर्षांहून अधिक काळ हे आकडे आपण पाकिटांवर लिहीत आलो. कापरेकरांची रीत आपल्या शाळांत पोचली असती, तर बेरीज येणाऱ्या प्रत्येक मुलाला स्वतःच्या पत्त्यातच संशोधनाचा विषय सापडला असता. अजूनही उशीर झालेला नाही: वडाळ्यातल्या वर्गात फळ्यावर ४०००३१ लिहावे आणि पुढचे मुलांवर सोडावे.